लॉकियर विजयदुर्गावर आला, पण 1898 साली

महोदय,

18 ऑगस्ट जवळ आला की ‘1868 साली याच दिवशी विजयदुर्ग किल्ल्यावरून नॉर्मन लॉकियरने हेलियमचा शोध लावला’ हा मजकूर दरवर्षी मोबाइलवर फिरतो आणि शाळांच्या भित्तिपत्रकांवरही चढतो. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण झाले आणि त्याचा पट्टा कोकणातून गेला, एवढे खरे. पण हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ तेव्हा इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गावर तो आला 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. मधली एकोणतीस वर्षे गळून गेली आणि दोन ग्रहणांचे एक झाले.

1868 च्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होता, मद्रास वेधशाळेचा पॉग्सन मच्छलीपट्टणमला आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखिंडीत. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांचा वर्णपट, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे केलेला पट्टा, पाहणे हे सगळ्यांचे काम. त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी दिसतात. जमखिंडीत ढगांनी छळले, तरी हर्शेलला लाल, नारिंगी आणि निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. नारिंगी रेषा त्याने सोडियमची धरली. पॉग्सनने ती सोडियमच्या जागी किंवा तिच्या लगत असल्याची नोंद केली. ही चूक समजण्यासारखी आहे. सोडियमच्या दोन रेषा 589.6 आणि 589.0 नॅनोमीटर तरंगलांबीवर, तर हेलियमची 587.6 वर. अंधुक प्रकाशासाठी उपकरणाची प्रकाश आत घेणारी फट थोडी रुंद ठेवली की रेषाही रुंद होते आणि दीड नॅनोमीटरचे अंतर त्यातच बुडते. त्यात हातात वेळ पाच-सहा मिनिटांचा. तेव्हा 1868 च्या हेलियमच्या गोष्टीत मराठी मुलखाच्या जवळचे गाव हवेच असेल, तर ते जमखिंडी आहे.

जान्सेनची खरी कमाल दुसऱ्या दिवशीची. ज्वालांच्या रेषा इतक्या लखलखीत होत्या की ग्रहणाशिवायही त्या दिसायला हव्यात, असे त्याने ताडले आणि 19 ऑगस्टला त्या पाहिल्या. युक्ती अशी. सूर्याच्या कडेजवळ आपल्याला आंधळे करतो तो हवेत विखुरलेला सूर्यप्रकाश, आणि त्यात सगळे रंग असतात. वर्णपट जितका जास्त ताणावा तितका हा प्रकाश पातळ होत जातो. ज्वालांचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांतच एकवटलेला असल्याने त्या रेषा फारशा फिक्या पडत नाहीत. पुरेसा ताण दिला की पार्श्वभूमी मंदावते आणि रेषा वर येते. जान्सेन पुढे सतरा दिवस असे वेध घेत राहिला.

लॉकियर तेव्हा लंडनच्या युद्धखात्यात कारकून होता. हीच कल्पना त्याला स्वतंत्रपणे सुचली होती, पण उपकरण वेळेवर बनून आले नाही. 20 ऑक्टोबर 1868 ला, कुठलेही ग्रहण नसताना, त्याने इंग्लंडमधून त्या रेषा पाहिल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, 26 ऑक्टोबरला वाचली गेली. हर्शेलला नारिंगी वाटलेली ती पिवळी रेषा सोडियमची नाही, हे लॉकियरने पुढे निश्चित केले. सोडियमच्या डी-1 आणि डी-2 नंतरची म्हणून ती डी-3. ग्रीक ‘हेलिऑस’ म्हणजे सूर्य, त्यावरून हेलियम.

सूर्याच्या वस्तुमानाचा जवळजवळ चौथा हिस्सा हेलियम आहे, तरी रोजच्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात सोडियमच्या काळ्या रेषा ठसठशीत दिसतात आणि हेलियमची जवळपास दिसतच नाही. ती रेषा शोषून घ्यायला हेलियमचा अणू आधीच सुमारे 21 इलेक्ट्रॉन व्होल्ट इतक्या उंच ऊर्जापातळीवर असावा लागतो. साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर असे अणू नगण्य असतात. म्हणूनच कडेवरच्या ज्वालांकडे जावे लागले. पृथ्वीवरचा हेलियम विल्यम रॅम्झीला 1895 साली क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजात सापडला.

म्हणजे लॉकियर विजयदुर्गावर उतरला तेव्हा हेलियम शोधायचा राहिलाच नव्हता. तो आला होता ग्रहणातल्या सूर्याच्या कडेचा वर्णपट छायाचित्रात पकडायला. त्याच्या कॅमेऱ्यांत भिंगापुढे लोलक असे, फट नसे. उरलेली सूर्यकोरच फटीचे काम करी, त्यामुळे काचेवर सरळ रेषांऐवजी कमानी उमटत. जितकी लांब कमान, तितका तो वायू सूर्यावर उंच पसरलेला. मदतीला ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी, आणि वेळ जेमतेम दोन मिनिटे. गडावरचे ‘साहेबाचे कट्टे’ याच मोहिमेशी जोडून सांगितले पाहिजेत. त्याच ग्रहणाला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला जेऊरला वेध घेत होते, आणि वऱ्हाडातल्या तळणीहून ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ ॲनी माँडर यांनी सूर्यप्रभेच्या, म्हणजे ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाच्या, लांबच लांब शलाकेचे छायाचित्र टिपले. हे सगळे आपल्या मातीवर घडले असताना खोट्या तारखेचा आधार कशाला?

माझी मागणी साधी आहे. भित्तिपत्रकांवर आणि माहितीफलकांवर 1868 चे गुंटूर आणि 1898 चे विजयदुर्ग वेगवेगळे लिहावे.

18 ऑगस्टला शाळांनी भाषणांबरोबर एक प्रयोगही करावा. खोक्याच्या एका टोकाला ब्लेडच्या दोन पात्यांची बारीक फट करावी, साधारण 0.2 मिलिमीटर. वीस सेंटिमीटरवर डीव्हीडीचा तुकडा तिरपा बसवावा आणि रंगपट्टा दिसेपर्यंत त्याचा कल बदलावा. सीडी घेऊ नये. तिचे चर दुपटीहून विरळ असल्याने रंगपट्टा पुरेसा फाकत नाही आणि दोन्ही पिवळ्या रेषा एक होतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला सोडियम दिवा आणि हेलियमची डिस्चार्ज ट्यूब आळीपाळीने फटीपुढे धरावी आणि खोके हलू देऊ नये, म्हणजे पिवळी रेषा किंचित सरकलेली दिसेल. रस्त्यावरचा पिवळा सोडियम दिवा इथे चालत नाही, त्यातल्या जास्त दाबाने रेषा पसरतात. आणि खोके सूर्याकडे कधीही रोखू नये. दिवसा पाहायचे तर फट ढगाकडे धरावी. सोडियमची काळी रेषा तिथेही सापडते.

– खगोलशास्त्राचा एक अभ्यासक, कोल्हापूर