ड्राइव्ह मागवण्याआधी

चि. अन्वय,
अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची तुझी यादी पाहिली. प्रोसेसर, रॅम ठीक आहे. ड्राइव्हच्या ओळीत तू नुसतं 'एम डॉट टू एसएसडी' लिहिलंयस, तिथे मी अडले. एसएसडी म्हणजे फ्लॅश मेमरीचा ड्राइव्ह, आणि एम डॉट टू हा त्याचा आकार झाला. ड्राइव्हच्या वर्णनातलं 2280 म्हणजे 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब, एवढंच त्यावरून कळतं. त्याच मापाच्या पट्टीत साटा ड्राइव्हही येतो नि एनव्हीएमईही (कॉम्प्युटरशी बोलायच्या या दोन वेगळ्या पद्धती), आणि मदरबोर्डवरच्या काही स्लॉटना यांतला एकच चालतो.

साटाची तिसरी पिढी सेकंदाला 6 गिगाबिटची. त्यातला पाचवा हिस्सा एन्कोडिंगमध्येच, म्हणजे डेटा तारेवर पाठवण्याजोगा करण्यातच जातो, म्हणून सेकंदाला फार तर 600 मेगाबाइट. हाती येतात साडेपाचशेच्या आसपास. एनव्हीएमई पीसीआयईच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या वेगवान रस्त्याच्या, चार लेन वापरतो : पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीत सेकंदाला साधारण 3,500 मेगाबाइट, चौथीत 7,000. मला मात्र या आकड्यांहून रांगेतला फरक मोठा वाटतो. साटा ड्राइव्हला कामं सांगायची पद्धत, एएचसीआय, म्हणजे एकच खिडकी, रांगेत जास्तीत जास्त 32 कामं. हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकड्यांना तेवढं पुरत होतं. एनव्हीएमई फ्लॅशसारख्या वेगवान मेमरीसाठीच आखला गेला, त्यात अशा हजारो खिडक्यांची सोय आहे.

तरी हुरळून जाऊ नकोस. विंडोज सुरू होणं, गेम लोड होणं यात साटा एसएसडी आणि एनव्हीएमई यांच्यात बहुधा थोड्या सेकंदांचाच फरक पडतो. अवजड व्हिडिओ फाइल हलवशील तेव्हा तो जाणवेल. (एडिटिंग खरंच किती करतोस, ते बघूच.) पाचव्या पिढीचा ड्राइव्ह तर नकोच, तो तापतो, चांगला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) मागतो, आणि तुझं काम चौथ्या पिढीवर आरामात होईल. त्या पैशांत एकाऐवजी दोन टेराबाइट घे.

फोटो आणि बॅकअपला साधी हार्ड डिस्क लाव, साटावर. ती सेकंदाला दोनशे-अडीचशे मेगाबाइटपर्यंत जाते, साटा तिला पुरून उरतो.

आता मदरबोर्डचं मॅन्युअल उघड. बऱ्याच बोर्डांवर एखाद्या एम डॉट टू स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, कारण लेन सामाईक असतात. मग डिस्क दिसत नाही आणि माणूस केबल बदलत बसतो. कुठला स्लॉट भरल्यावर कुठला पोर्ट जातो, त्याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. त्याचा फोटो मला पाठव, मगच ऑर्डर दे. आणि बोर्डाचं खोकं फेकू नकोस, ड्राइव्ह आवळायचा बारका स्क्रू बहुधा त्यातच असतो.

तुझी,
आई