हॉगलच्या चेहऱ्यामागचे पाच जण

लंडन

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा 'लॅबिरिन्थ' पुन्हा पाहिला. तोच, १९८६ चा, बाहुलीकार-दिग्दर्शक जिम हेन्सनचा चित्रपट, बाहुल्या आणि माणसं एकत्र असलेला. आपण कॅसेटवर पाहिला तेव्हा सारा मला दुष्ट वाटायची. रडक्या भावाला घेऊन जा म्हणते, आणि भुतावळ त्याला खरंच नेते! तूही मला बोहारणीला देऊन टाकणार होतीस, तेव्हा माझी बाजू ठरलेलीच. आता मात्र तिची कीव आली. आईबाप बाहेर, कडेवर पोर आणि स्वतः शाळकरी.

सगळ्यात जास्त बघत राहिलो तो साराला वाट दाखवणाऱ्या कुरकुऱ्या बुटक्याकडे, हॉगलकडे. त्या सोंगाच्या आत शारी वायझर ही बुटकी अभिनेत्री होती, पण चेहरा तिच्या हातात नव्हता. त्यातल्या मोटरी चार जण बाहेरून रेडिओवर चालवायचे. त्यातला एक हेन्सनचा मुलगा ब्रायन, आवाजही त्याचाच. म्हणजे हॉगलला नुसतं ओशाळायचं असलं तरी पाच जणांनी एकदम ओशाळायचं! आपल्याकडे चहात आलं घालायचं की नाही यावर पाच जणांचं जमत नाही.

भुतावळीचा राजा झालेल्या गायक डेव्हिड बोवीच्या हातावर काचेचे गोळे फिरतात ना, ते हात त्याचे नाहीतच. मायकेल मॉशेन हा जगलर त्याच्या मागे दडून, काही दिसत नसताना ते फिरवायचा. हे माहीत असूनही मला पकडता आलं नाही.

सुरुवातीचं घुबड कॉम्प्युटरवर केलेलं. तेव्हा केवढं नवल, आणि आज नेमकं तेच जुनाट दिसतं. हॉगल टिकला, कारण सारा बोलते तेव्हा तो खरोखर तिच्यासमोर उभा असतो. रामदास पाध्यांच्या तात्या विंचूला आपण घाबरायचो तेही त्यामुळेच.

बोवीचा राजा त्या मुलीभोवती घुटमळतो ते मात्र आता खटकतं. गाणी अजून झकास.

तेव्हा हा चित्रपट पडला होता. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर, अमेरिकेत वसुली जेमतेम निम्मी. लोकांनी तो डोक्यावर घेतला नंतर, आणि हेन्सन तर १९९० मध्येच गेला. ते पळवलेलं बाळ म्हणजे चित्रपटातली पात्रं रेखाटणाऱ्या ब्रायन फ्राउडचा मुलगा टोबी. मोठा होऊन तोही बाहुल्याच करायला लागला.

चिनूला दाखव. सारा हातांच्या विहिरीत पडते तेव्हा मात्र त्याच्याजवळ बस. ते हात एकमेकांत गुंतून तोंडं करतात आणि बोलतात. आईबाबांना नमस्कार.

तुझा,
बंड्या