मिस्त्रीमामा, तुमचा पाना माझ्याकडे आहे

मिस्त्रीमामा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कुपवाड रस्त्याला मोटारी भरण्याचं दुकान आहे, एवढं रिक्षात बोलला होतात. दोनदा येऊन गेलो. शटरवर ‘भाड्याने देणे’ लिहिलंय. म्हणून हे असं उघड्यावर.

२०२३ च्या आखाडातला शेवटचा रविवार. सोमवारी सोमवती अमावस्या, त्यामुळे सगळ्या सांगलीची गटारी आदल्या दिवशीच. आमच्या मार्टात मटणाच्या काउंटरची रांग पार दारापर्यंत. खिमा मशीनच्या तोंडावरची जाळी आम्ही काढूनच ठेवायचो, मोठे तुकडे पटापट जातात म्हणून. दट्ट्या धुवायला पडलेला. मी हातानंच मटण ढकललं. (लिहितानाही लाज वाटते.) आतल्या स्क्रूनं आधी हातमोजा धरला, मग बोटं.

मशीन उलटं फिरवायला सुपरवायझर धावला. तुम्ही अर्धा किलोसाठी रांगेत होता. ओरडलात, “बटणाला कुणी हात लावायचा न्हाई! प्लग काढा!” उलटं फिरलं असतं तर त्याच स्क्रूनं हात पुन्हा चिरडला असता, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. ओढून काढायलाही तुम्ही कुणाला दिलं नाही. स्कूटरच्या डिकीतून पाना आणलात, मोटारीपासून मशीनचं तोंड सोडवलंत आणि त्या लोखंडासकट मला रिक्षात घातलंत. विश्रामबाग ते मिरज, ते सगळं वजन तुमच्या मांडीवर. मी शिव्या देत होतो म्हणे. मला भूल दिल्यावर पुढची चकती सोडवायला डॉक्टरांनी तुम्हालाच टोपी-मास्क चढवून आत घेतलं.

तर्जनीची दोन पेरं गेली. बाकी हात राहिला.

आणखी एक. सुपरवायझर केसपेपरवर ‘घरी लागलं’ लिहायला सांगत होता, तेव्हा तुम्ही मध्ये पडून ‘कामावर, खिमा मशीनमध्ये’ असं लिहून घेतलंत. त्या एका ओळीवर कामगार विम्यातून पगाराच्या ९० टक्के मिळत राहिले, घर चाललं. कायद्याच्या तक्त्यात तर्जनीची दोन पेरं म्हणजे कमाईच्या ताकदीचं ११ टक्के नुकसान. शर्टाची गुंडी लावताना ते जरा जास्तच वाटतं, पण असो.

आता मी बिलिंगला बसतो. मशीनवर जाळी परत आलीय, दट्ट्या साखळीनं बांधलाय.

तुमचा अर्धा किलो खिमा राहिला तो राहिलाच. पाना मात्र दवाखान्यातून माझ्या कपड्यांबरोबर घरी आला. धुऊन, तेल लावून ठेवलाय. चौदा-पंधराचा आहे.

तुमचा,
खिमा काउंटरवरचा पोरगा