नुसता ‘४०१’ नको, कारण सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इचलकरंजीत सूत-कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. १ ऑगस्ट २०२३ पासून जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस सक्तीची मर्यादा पाच कोटींच्या उलाढालीवर आली आणि मधल्या फळीतले बरेच व्यापारी त्यात आले. संध्याकाळी माल भरून गाडी उभी असते, बिलाला आयआरएन (सरकारी नोंदणी क्रमांक) मिळाला की सुटते. तो आणायला आमचा प्रोग्रॅम एका मध्यस्थ कंपनीच्या सर्व्हरला विनंती पाठवतो आणि ऐन वेळी तिकडून उत्तर येतं: ‘४०१ अनऑथराइज्ड’. पुढे एक अक्षर नाही.

४०१ म्हणजे समोरच्याची ओळख पटली नाही. ओळख पटली पण परवानगी नाही, तर ४०३. आमच्याकडे दोन्हीला ४०१च येतो, मग पासवर्ड तपासायचा की परवानगी मागायची? ४०१ सोबत ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट’ हे हेडर (उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) पाठवलंच पाहिजे, असं आरएफसी ९११० हे इंटरनेटचं २०२२ चं मानक सांगतं. टोकनची, म्हणजे विनंतीसोबतच्या तात्पुरत्या ओळखपत्राची, मुदत संपली असेल तर तसं त्याच हेडरमध्ये लिहिण्याची सोय आरएफसी ६७५० ने २०१२ मध्येच करून ठेवली आहे. या कंपनीच्या उत्तरात ते हेडरच नसतं.

मध्यंतरी एका गिऱ्हाइकाकडे प्रत्येक विनंती नाकारली जात होती. हेल्पडेस्कचं पालुपद एकच: पासवर्ड बदला, नवीन की (सेवेची गुप्त किल्ली) घ्या. की बदलली, तरी ४०१. शेवटी मी टोकनच उघडून पाहिलं. जेडब्ल्यूटीचा, म्हणजे या प्रकारच्या टोकनचा, मधला भाग नुसता बेस-६४ मध्ये (गुप्त नसलेल्या अक्षरांकनात) असतो, तो वाचायला की लागत नाही. (चालू टोकन कुठल्याही वेबसाइटवर चिकटवू नये, आपल्याच मशीनवर उघडावं.) त्यातली ‘एक्स्प’ची, म्हणजे मुदत संपण्याची, वेळ सर्व्हरच्या उत्तरातल्या ‘डेट’ हेडरशी ताडून पाहिली. तासाभराच्या मुदतीचं टोकन तयार होत होतं तेव्हाच साडेचार तासांपूर्वी संपलेलं होतं!

दोष होता कंपनीनेच दिलेल्या पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या नमुना कोडमध्ये. त्यात ‘यूटीसीनाऊ’ने घेतलेल्या वेळेवर ‘टाइमस्टॅम्प’ चालवला होता. ‘यूटीसीनाऊ’ वेळ यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळ) देतं, पण ती यूटीसीची आहे अशी खूण तिच्यावर नसते. वेळेचे सेकंद करणारं ‘टाइमस्टॅम्प’ तिला मशीनची स्थानिक वेळ समजतं. भारतीय वेळेवर लावलेल्या मशीनवर त्यामुळे १९,८०० सेकंदांचा, म्हणजे बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो, वेळ तेवढी मागे जाते; त्यात टोकनची तासाभराची मुदत धरली की उरतात ते साडेचार तास. घड्याळ यूटीसीवर असलेल्या सर्व्हरवर मात्र हाच कोड बिनतक्रार चालतो. पायथनने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३.१२ आवृत्तीत ‘यूटीसीनाऊ’ वापरू नका असं जाहीर केलं, तरी नमुना कोड तसाच होता. त्याऐवजी ‘टाइम.टाइम’ (थेट सेकंदांतली वेळ) घेतल्यावर पहिल्याच विनंतीला आयआरएन आला. ‘टोकनची मुदत संपली आहे’ एवढं एक वाक्य उत्तरात असतं, तर हा शोध पाच मिनिटांत लागला असता.

माझी खरी चिंता वेगळी आहे. कारण कळत नाही, गाडी खोळंबलेली असते, अशा घाईत माणसं सांगितलं ते करतात. याच हेल्पडेस्कने आमच्या गिऱ्हाइकाला ‘व्हेरिफाय फॉल्स करून बघा’ असं सांगितलं होतं. त्याने सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखीच्या पुराव्याची, तपासणी बंद होते आणि वाटेत बसलेला कोणीही सर्व्हरचं सोंग घेऊन पासवर्ड उचलू शकतो. शिवाय सर्टिफिकेटची अडचण असती तर जोडणीच झाली नसती, ४०१ आलाच नसता! पुढे जाऊन ‘की व्हॉट्सॲपवर पाठवा, आम्ही तपासतो’ असंही सांगितलं. की म्हणजे व्यापाऱ्याच्या नावाने बिल काढण्याचा अधिकार.

अशा सेवा देणाऱ्या सगळ्याच कंपन्यांना विनंती आहे की नाकारण्याचं कारण उत्तरात लिहा आणि नमुना कोड भारतीय वेळेच्या साध्या विंडोज मशीनवर एकदा चालवून पाहा. आणि ज्या व्यापाऱ्यांनी आपली की कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवली असेल, त्यांनी ती आजच रद्द करून नवी घ्यावी.

आपली,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, इचलकरंजी