काम सोपवणे म्हणजे काम ढकलणे नव्हे

संपादक महोदय,

उत्तम काम करणारा कर्मचारी बढती मिळून टीमचा प्रमुख होतो आणि पहिल्या काही महिन्यांतच अडखळतो. कारण बहुतेकदा एकच असते: त्याला काम करता येते, सोपवता येत नाही. "हे जरा बघून घे" एवढ्यावर काम दिले की समोरचा अंदाजाने करतो आणि शेवटच्या दिवशी दोघेही वैतागतात.

काम देतानाच स्पष्ट बोलावे: पूर्ण झालेले काम नेमके कसे हवे, कधीपर्यंत हवे, कोणते निर्णय सहकाऱ्याने स्वतः घ्यायचे आणि कोणते विचारून. मग तेच त्याच्या शब्दांत ऐकावे; गैरसमज तिथेच उघडे पडतात. 10 दिवसांचे काम असेल तर पहिली तपासणी तिसऱ्या दिवशी हवी. आठव्या दिवशी चूक कळली तर दुरुस्तीला वेळ उरत नाही आणि प्रमुख ते काम स्वतःकडे ओढून घेतो. ही सर्वांत महागडी चूक. अडले की काम परत घेतले जाते, एवढेच सहकारी त्यातून शिकतो. त्याऐवजी "तुझ्या मते पुढे काय करावे?" असे विचारून उत्तराची वाट पाहावी, गप्प राहणे कितीही जड गेले तरी.

जबाबदारी द्यायची आणि अधिकार राखून ठेवायचे, हा तर निव्वळ अन्याय आहे.

चूक एकांतात आणि 1-2 दिवसांत दाखवावी. "तू निष्काळजी आहेस" यातून सुधारण्यासारखे काही हाती लागत नाही. "अहवालातील दोन आकडे मूळ तक्त्याशी जुळत नाहीत" यातून लागते.

— एक मनुष्यबळ प्रशिक्षक