‘चायनीज तैपेई’ म्हणजे तैवान, हे बातमीत येऊ द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी पुण्यात शाळकरी मुलांना बॅडमिंटन शिकवतो. परवा सराव संपल्यावर पॅरिस ऑलिम्पिकची पुरुष दुहेरीची फायनल मुलांना मोबाइलवर दाखवत होतो. चीन विरुद्ध चायनीज तैपेई. बारा वर्षांच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, दोन्ही जोड्या चीनच्याच का?’’ तिचे काय चुकले? क्रीडा पानावर आम्ही वर्षानुवर्षे हेच नाव वाचतो. टोकियोत सिंधूला उपांत्य फेरीत हरवणारी ताई त्झू यिंग तैवानची, हे मुलांच्या पालकांनाही ठाऊक नव्हते.

हे नाव त्या लोकांनी हौसेने घेतलेले नाही. १९६० साली रोम ऑलिम्पिकला ‘फॉर्मोसा’ (तैवान बेटाचे जुने नाव) म्हणून उतरावे लागले, तेव्हा संचलनात त्यांनी ‘निषेध नोंदवून’ अशा अर्थाचा फलक धरला होता. १९७६ साली माँट्रियलला कॅनडाने त्यांना ‘चीन प्रजासत्ताक’ या तैवानच्या अधिकृत नावाने खेळू दिले नाही आणि संघाने माघार घेतली. अखेर १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीशी करार झाला. नाव चायनीज तैपेई, राष्ट्रध्वजाऐवजी ऑलिम्पिकची वर्तुळे असलेला वेगळा झेंडा, राष्ट्रगीताऐवजी ध्वजगीत. सुवर्णपदक गळ्यात पडते त्या क्षणीही खेळाडूला आपला झेंडा दिसत नाही. खेळाडू घडवायला किती वर्षे लागतात हे रोज पाहतो, म्हणून मला हे फार लागते.

मग त्यांनी नाव बदलून का घेतले नाही? २०१८ मध्ये त्यावर सार्वमत झाले. पुढाकार होता १९६८ च्या ऑलिम्पिकमधील कांस्यपदक विजेत्या धावपटू ची चेंग यांचा. पण ऑलिम्पिक समितीने मान्यता जाण्याचा इशारा दिला होता आणि टोकियोची तयारी करणारे खेळाडू धास्तावले होते. सुमारे ५५ टक्के मते विरोधात गेली. ही त्या नावाला मिळालेली पसंती होती असे मला वाटत नाही. आपल्या मुलांना खेळता यावे, म्हणून लोकांनी ते सोसले.

ली यांग आणि वांग ची-लिन या जोडीने टोकियोत चीनला हरवून सुवर्ण जिंकले. शेवटचे शटल रेषेवर पडले होते. त्यानंतर ली यांगने हे पदक ‘माझा देश तैवान’ याला अर्पण करत असल्याचे फेसबुकवर लिहिले. त्या स्पर्धेत या जोडीला एकदाच हार पत्करावी लागली, गटात, आणि ती आपल्या सात्त्विक व मुंबईच्या चिराग शेट्टीकडून, तिसरा गेम २७-२५ असा! पॅरिसलाही त्यांनी चीनलाच हरवून सुवर्ण राखले. त्याच स्पर्धेत तैवानचे नाव असलेला फलक एका प्रेक्षक तरुणीच्या हातून हिसकावून घेतला गेला.

आपल्याला हे दुःख परके वाटू नये. १९३६ साली बर्लिनला अंतिम सामन्याआधी आपल्या हॉकीपटूंनी ड्रेसिंग रूममध्ये तिरंग्याला वंदन केले आणि मग ते ब्रिटिश हिंदुस्थानचा संघ म्हणून मैदानात उतरले.

भारत सरकारची तैवानला औपचारिक मान्यता नाही, याची मला जाणीव आहे. परंतु लोझानचा करार वृत्तपत्राला बंधनकारक नाही. टोकियोच्या उद्घाटनात जपानच्या एनएचके वाहिनीच्या निवेदिकेने या संघाला सरळ ‘तैवान’ म्हटले होते. पदकतालिकेत अधिकृत नाव जरूर राहू द्या. बातमीत मात्र पहिल्या उल्लेखाला ‘तैवानचा (चायनीज तैपेई) खेळाडू’ असे छापावे, एवढी कळकळीची विनंती. तसे छापून आले की ते कात्रण मी आमच्या हॉलमधील फलकावर लावणार आहे.

आपला,
एक बॅडमिंटन प्रशिक्षक, पुणे