नाईकसाहेबांची जिल्हा परिषद किती काळ प्रशासकांच्या हाती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कृषी दिनानिमित्त आपल्या दैनिकात माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यावर आलेला लेख वाचला. संकरित ज्वारी, कृषी विद्यापीठे आणि 1965 साली शनिवारवाड्यासमोर त्यांनी जाहीर केलेली अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेची प्रतिज्ञा, हे सारे त्यात सविस्तर आले आहे आणि ते यायलाच हवे. परंतु ज्या कामामुळे नाईकसाहेबांचा हात खेड्यातल्या प्रत्येक घरापर्यंत पोहोचला, त्या जिल्हा परिषदेचा लेखात साधा उल्लेखही नाही. सध्याच्या परिस्थितीत ही उणीव मला फार मोठी वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नाईकसाहेबांचा जन्म 1 जुलै 1913 रोजी पुसद तालुक्यातील गहुली या बंजारा तांड्यावर झाला. प्राथमिक शिक्षणासाठी त्यांना गावोगावच्या शाळा पालथ्या घालाव्या लागल्या. पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी आणि नंतर कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याकडे वकिलीस सुरुवात केली. 1946 मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, 1952 मध्ये जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून जाऊन महसूल उपमंत्री झाले आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा महसूल खाते त्यांच्याकडे आले. म्हणजे मंत्रालयात बसण्याआधी त्यांनी तालुक्याच्या गावाचा कारभार स्वतः चालवून पाहिला होता. त्यांच्या पुढील निर्णयांमागे हा अनुभव होता, असे मला नेहमी वाटते.

जून 1960 मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणासाठी जी समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष होते. त्याआधीच्या बलवंतराय मेहता समितीने मुख्य भर गटपातळीच्या पंचायत समितीवर दिला होता आणि जिल्हा परिषदेकडे सल्लागाराची भूमिका ठेवून तिचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याला देऊ केले होते. नाईक समितीने मार्च 1961 मध्ये दिलेल्या अहवालात हा क्रमच बदलला. खरे अधिकार जिल्हा परिषदेकडे असावेत, जिल्हाधिकारी तिच्या बाहेर असावा, आमदार-खासदारांनी तिचे सदस्य होऊ नये आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने लोकनियुक्त सभागृहाचे निर्णय अमलात आणावेत, अशी ती रचना होती. स्वतः राज्याचा महसूलमंत्री असलेल्या माणसाने आपल्याच खात्याच्या सर्वात मोठ्या जिल्हा अधिकाऱ्याला या संस्थेपासून दूर ठेवावे, यातला निर्धार आज समजून घेण्यासारखा आहे. त्यानुसार कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

डिसेंबर 1963 ते फेब्रुवारी 1975 अशी अकरा वर्षांहून अधिक काळ ते मुख्यमंत्री होते. या काळातल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेविषयी आणि 1972 च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष त्यांच्या कारकिर्दीत भरून निघाला नाही, ही आमच्या भागातली तक्रारही खरी आहे आणि ती मांडताना संकोच वाटण्याचे कारण नाही. तरीही सर्वसाधारण सभेत उभे राहून गावच्या प्रश्नाचा जाब विचारणारा सदस्य त्यांच्याच रचनेने आम्हाला दिला, हे ऋण त्यामुळे कमी होत नाही.

आता त्याच रचनेची अवस्था पाहा. 2017 मध्ये निवडून आलेल्या यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि सर्कलांची, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघांची, फेररचना यांचे वाद न्यायालयात गेले आणि नाईकसाहेबांच्या स्वतःच्या जिल्ह्याची परिषद तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या, म्हणजे सदस्यांऐवजी कारभार पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या, हाती राहिली. राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांच्या वाट्याला असाच काळ आला. अधिकारी वाईट असतात, असे माझे म्हणणे नाही. त्यांतले कित्येक मनापासून काम करतात; पण त्यांची बदली होते आणि त्यांना आमच्याकडे मते मागायला यायचे नसते.

आमच्या भागातल्या एका शाळेच्या दोन खोल्यांवरच्या टिना वादळात उडाल्या. पालकांनी दिलेल्या अर्जावर आवक क्रमांक पडला आणि पोचही मिळाली, मात्र पावसाळाभर चार वर्गांची पोरे एकाच खोलीत दाटीवाटीने बसली. पूर्वी असे काही झाले की गावातली चार माणसे सर्कलच्या सदस्याच्या घरी जाऊन बसत, त्याला हात धरून शाळेवर आणत आणि पुढच्या सभेत तो विषय निघालाच पाहिजे, असे बजावत. काम दर वेळी होतच असे, असे नाही. पण कोणाला बोलायचे, हे तरी ठाऊक होते. शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्यांचेही तेच. आर्द्रात बैलबंडीचा आख चिखलात रुतला की शेतकरी खताचे पोते डोक्यावर घेऊन वावर गाठतो आणि हे ज्याला सांगायचे, त्या सदस्याची खुर्ची रिकामी असते.

संविधानाच्या कलम 243-ङ नुसार पंचायत संस्थेची मुदत पाच वर्षांची आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुदतीआधी संस्था विसर्जित झाली, तरी सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. असे असताना शासनाने सर्कलरचना आणि आरक्षणाचे काम मुदत संपण्याच्या किमान वर्षभर आधी हाती घ्यावे आणि प्रशासकाचा काळ कोणत्याही कारणाने सहा महिन्यांपुढे जाणार नाही, अशी स्पष्ट तरतूद जिल्हा परिषदांच्या 1961 च्या कायद्यात करावी, अशी माझी मागणी आहे. आपल्या दैनिकानेही विदर्भातल्या प्रत्येक जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीची मुदत कधी संपली, तिथे किती महिने प्रशासक राहिले आणि त्या काळात किती निधी कोणत्या कामांवर खर्च झाला, याची जिल्हावार माहिती मिळवून प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक
पुसद तालुका, जि. यवतमाळ